रोजची भाकर आणि कार्डाचं बिल

"दर रविवारी उपासनेला जाते, रोज बायबल वाचते, तरी मनाला समाधान नाही. माझा विश्वासच कमी पडतो का?" अहिल्यानगरकडच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न 52,000. त्यातले 26,000 घर, मोटारसायकल आणि मोबाइलच्या हप्त्यांत जायचे. शिवाय क्रेडिट कार्डावर 40,000 थकलेले.

अशा वेळी घाईने बायबलचं वचन सांगू नये. "नेहमी आनंदी राहा" ऐकून माणूस गप्प होतो आणि मनातली टोचणी तेवढी वाढते. "विश्वास धर, देव दुप्पट देईल" हे तर त्याहून घातक. त्यात समाधान पुन्हा वस्तूवरच टांगलेलं असतं.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय तिला जवळजवळ पाठ होता. पण आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो' आहे, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो, तेही कैदेतून, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शिकायची गोष्ट म्हटली की सराव आला, चुकणंही आलं. हे बोलणं झाल्यावर ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

सुरुवात वहीने केली. काही हवंसं वाटलं की ते किती वाजता आणि काय पाहून वाटलं, एवढंच लिहायचं. 14 दिवसांत 23 नोंदी झाल्या. त्यातल्या 15 रात्री साडेनऊनंतरच्या, मोबाइलवर चर्चच्या मंडळीतल्याच लोकांच्या घरांचे फोटो पाहतानाच्या. मग नऊ वाजता मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, असं ठरलं.

कार्डाचा हिशेब तिने कधी मांडलाच नव्हता. दरमहा साडेतीन टक्क्यांनी 40,000 वर व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. ती किमान रक्कम म्हणून 2,000 भरायची, म्हणजे मूळ कर्जातून फिटायचे फक्त 348. नवी खरेदी थांबवून 5,000 भरले तर दहा महिन्यांत कार्ड मोकळं होतं. किराणा कार्डावर घेऊन ती दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला) मात्र पूर्ण देत होती. त्याबद्दल पाळकसाहेबांशी उघड बोलायला सांगितलं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:12) दान आपल्याजवळ जे आहे त्यातून मोजलं आहे, नाही त्यातून नाही.

फ्रिजवर एक कागद लावला. हवी ती वस्तू तारखेसह त्यावर लिहायची आणि 30 दिवस थांबायचं. मान्ना म्हणजे वाळवंटात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न, आणि त्याचा बायबलमधला नियम याच्याशी जुळतो: माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, आणि उद्यासाठी लपवलेल्यात किडे. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञाच होती, त्यामुळे अडीअडचणीसाठी बचत करणं म्हणजे अविश्वास नव्हे.

जेवणाआधीच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हटल्यावर प्रत्येकाने त्या दिवसाची एक गोष्ट सांगायची. इथे हमखास घसरायला होतं. आठवड्याभरात "सगळ्यासाठी आभार" सुरू होतं आणि तोंड नुसतं चालतं. म्हणून गोष्ट आजचीच हवी: नळाला तासभर पाणी आलं, धाकट्याचा ताप उतरला. मुलाने बूट फाटल्याचं सांगितलं तर त्याला आभार मानायला लावू नये. बूट घ्यावेत. आणि झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावं.

चौथ्या महिन्यात कागदावरच्या 11 वस्तूंपैकी 8 तिने स्वतःच खोडल्या होत्या. उरलेल्यांपैकी मुलीचं अभ्यासाचं टेबल रोखीने घेतलं. त्याच सुमारास एका घरभरणीला जाऊन आल्यावर रात्री ताटावर ती म्हणाली, "प्रभू, त्यांचा सोफा पाहून आज मला वाईट वाटलं." नवरा डोळे मिटूनच म्हणाला, "मलाही."