जुन्या बुलेटच्या बोअरची झीज घरी मोजता येईल का, आणि रिंगा कोणत्या मापाच्या घ्याव्यात?

आपण लिहिले आहे की वडिलांची कास्ट आयर्न बॅरलची जुनी बुलेट 350 वेग वाढवताना निळा धूर सोडते आणि तेलही पिते, दुकानदार "एक साइज वरच्या रिंगा टाका" असे सांगतो, आणि आपल्याकडे व्हर्नियर व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) एवढीच साधने आहेत. तेवढ्यावर बोअरची, म्हणजे बॅरलच्या ज्या गोल पोकळीत पिस्टन वर-खाली होतो तिची, झीज मोजून रिंगांचे, म्हणजे पिस्टनवरच्या कड्यांचे, माप ठरवता येईल का, हा आपला प्रश्न आहे. झीज घरी नक्की मोजता येते, पण व्हर्नियरने नव्हे. मात्र झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या साइजच्या रिंगा घालण्याचा दुकानदाराचा सल्ला कृपया मानू नका. तो का मानू नये, हे मोजमाप करताना आपल्यालाच आकड्यांत दिसेल. वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये मापे तपासण्याचेच काम मी नोकरीभर केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

बॅरल उतरवण्याआधी दोष खरोखर रिंगांचाच आहे की व्हाल्व्ह गाइडचा (व्हाल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीचा), याची खात्री करून घ्यावी. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी काही वेळ चालवल्यावर पुन्हा थ्रॉटल देताच धुराचा एकच लोट येत असेल, तर संशय गाइडवर घ्यावा. चढावर किंवा जोर लावताना सतत धूर येत असेल, तर रिंगा आणि बोअर यांच्यावर. कॉम्प्रेशन गेज कोणाकडून मिळाले तर थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारून दाब पाहावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा पाहावा. तेलाने रिंगांची फट काही क्षण भरून निघते, म्हणून दाब ठळक वाढला तर गळती रिंगांतून आहे असे समजावे. तो तसाच राहिला तर व्हाल्व्हकडे पाहावे.

बॅरल काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे, नाहीतर सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवून ठेवणारी कडी) किंवा तुटलेल्या रिंगेचा तुकडा आत पडतो आणि काम दुप्पट होते. मग सर्वांत आधी पिस्टनच्या डोक्यावरचा छाप वाचावा. काहीच नसेल किंवा एसटीडी (स्टँडर्ड) असेल तर पिस्टन मूळ मापाचा. 020 (इंचाचे 20 हजारांश) किंवा 0.50 (मिमी) असेल तर हे बॅरल पूर्वी एकदा बोअर झालेले, म्हणजे आतून कापून तेवढे मोठे केलेले आहे. या इंजिनाचे मूळ माप 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोक असे आहे, त्यावरूनच 346 सीसी येतात. इतक्या वर्षांच्या गाडीचे बोअर अजून 70 मिमीच असेल असे गृहीत धरून रिंगा विकत घेणे धोक्याचे आहे.

आता झीज कुठे होते ते पाहू, कारण कुठे मोजायचे ते त्यावरच ठरते. पिस्टन सर्वांत वर पोहोचून क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो तेथे वरच्या रिंगेखालचा तेलाचा थर सर्वांत पातळ असतो, जळत्या वायूचा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो आणि उष्णताही तेथेच सर्वाधिक असते. त्यामुळे वरच्या रिंगेच्या वळणाच्या जागी बोअर सर्वांत जास्त झिजते आणि खाली जाताना झीज कमी होत जाते. त्या जागेच्या वर, जेथे रिंग पोहोचतच नाही, तेथे न झिजलेली कड राहते आणि ती नखाला लागते. अगदी तळाशी, रिंगा जेथे उतरत नाहीत, तो पट्टाही मूळ मापाचा असतो. हा खालचा पट्टा आपला मापदंड आहे. शिवाय झीज गोल होत नाही. पॉवर स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन एका बाजूला दाबला जातो, आणि पुढच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात ती बाजू मागची असते. म्हणून पिस्टन पिनेला काटकोनात, म्हणजे पुढे-मागे, बोअर जास्त मोठे झालेले आढळते.

व्हर्नियरचे आतले जबडे बॅरलच्या तोंडापाशीच पोहोचतात, खरी झीज त्यांच्या टोकापाशी किंवा त्याखाली असते, आणि लघुत्तम माप 0.02 मिमी असले तरी हाताच्या दाबाने वाचन 0.05 मिमीने सहज हलते. आपल्याला तर 0.05 आणि 0.10 यांतलाच फरक ओळखायचा आहे. त्यामुळे व्हर्नियर बाजूला ठेवावे आणि फीलर गेज घ्यावे, कारण रिंग हेच आपले बोअर गेज आहे.

कृती अशी. बोअर रॉकेलने धुऊन कोरडे करावे, वरच्या कडेवरचा कार्बन काढावा. एक जुनी, न तुटलेली वरची रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने हळूच ढकलावी, म्हणजे ती सरळ बसते. तिरकी रिंग खोटे माप देते. आधी तळाच्या न झिजलेल्या पट्ट्यात रिंगेच्या दोन टोकांमधली फट मोजावी, मग मध्यावर, आणि शेवटी वरच्या कडेच्या जरा खाली, जेथे झीज सर्वाधिक आहे तेथे. वरच्या आणि तळाच्या फटींतल्या फरकाला 3.14 ने भागले की व्यासातली झीज मिळते, कारण परीघ व्यासाच्या तेवढ्या पट वाढतो. समजा तळाशी फट 0.45 मिमी आणि वर 0.85 मिमी आली, फरक 0.40, म्हणजे व्यास सुमारे 0.13 मिमीने वाढला आहे. या पद्धतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की बोअरमधला बारीक फरक फटीत तिपटीने मोठा होऊन दिसतो: फीलरची पाती 0.05 च्या टप्प्यांनी असली तरी व्यासातला 0.016 मिमीचा बदल हाती लागतो. शिवाय रिंग जुनी आणि झिजलेली असली तरी बिघडत नाही, कारण तिची स्वतःची झीज दोन्ही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती विसरू नये. रिंग परीघ मोजते, म्हणजे सरासरी व्यास देते. बोअर पुढे-मागे 70.18 आणि आडवे 70.06 असेल तर ती 70.12 सांगेल आणि लंबगोलपणा झाकला जाईल. त्याचा अंदाज घेण्यासाठी रिंग सर्वाधिक झीजेच्या जागी ठेवून बॅरलच्या खालून टॉर्च लावावा आणि अंधारात वरून पाहावे. रिंग आणि भिंत यांच्यामधून एका बाजूला प्रकाशाची रेघ दिसली तर बोअर गोल राहिलेले नाही. नेमके आकडे हवे असतील तर टेलिस्कोपिक गेज (आतला व्यास पकडणारे साधन) आणि 50 ते 75 मिमीचा मायक्रोमीटर लागतो. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली त्या आपल्या वडोदऱ्यात मायक्रोमीटर नीट धरणारी माणसे कमी नाहीत. आपण मांजलपूरला राहता, तर मकरपुऱ्यातली बोअरिंगची कोणतीही चांगली दुकाने जवळच आहेत, आणि तेथे डायल बोअर गेज असते. तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि आडवे, अशी सहा मापे मागावीत आणि कागदावर लिहून घ्यावीत. "थोडे झिजले आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

मोजण्याच्या तापमानाविषयी लोक सहसा बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. मापांचे जागतिक संदर्भ-तापमान 20 अंश सेल्सिअस आहे आणि आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा 40 च्या वर असतो. कास्ट आयर्नचे 70 मिमीचे बोअर दर 10 अंशांना जवळपास 0.008 मिमी वाढते. पोलादी मायक्रोमीटरही जवळजवळ तेवढाच वाढत असल्याने दोघे एकाच तापमानाला असतील तर फरक नगण्य राहतो. पण ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे दुपटीने वाढतो. म्हणून उन्हातून आणलेले बॅरल आणि पंख्याखालचा पिस्टन एकमेकांशी ताडून पाहू नयेत. सर्व वस्तू आणि साधने एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजावे.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळू. नव्या रिंगेची फट एअर-कूल्ड इंजिनासाठी बोअरच्या दर इंचाला साधारण 4 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात. 70 मिमीला ती 0.28 मिमीच्या आसपास येते. ती हवीच, कारण चालू इंजिनात रिंग बोअरपेक्षा 100 अंशांनी जास्त तापली तर तिचा परीघ 0.24 मिमीने वाढतो, आणि फट नसेल तर टोके एकमेकांना भिडून रिंग तुटते किंवा भिंत खरवडते. ही फट बोअरच्या सर्वांत अरुंद भागात, म्हणजे रिंगेच्या प्रवासाच्या तळाशी, पाळावी लागते. 0.25 मिमी मोठ्या साइजची रिंग तळाच्या 70 मिमीमध्ये बसवायची तर तिची टोके जवळपास 0.79 मिमी घासावी लागतील, आणि एकदा तळाशी 0.28 ची फट केली की 0.12 मिमी झिजलेल्या वरच्या भागात ती 0.66 होणार. मूळ मापाच्या रिंगेची फटही तेथे 0.66 च होते. म्हणजे मोठी रिंग घेऊन हाती काहीच लागत नाही. उलट तिचा वाक 70.25 मिमीच्या वर्तुळाचा असल्याने ती या बोअरच्या भिंतीला सर्वत्र सारखी टेकत नाही. रिंगेची साइज पिस्टनच्या साइजशी जुळवायची असते आणि पिस्टनची बोअरच्या नव्या मापाशी. झिजलेल्या मापाशी जुळणारी रिंग बाजारात मिळत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा? अंतिम शब्द आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा. माझा स्वतःचा कल असा की सरासरी झीज 0.05 मिमीच्या आत आणि बोअर गोल असेल, तर आहे त्याच साइजच्या नव्या रिंगा पुरेत, 0.05 ते 0.10 पर्यंत, गाडी कमी चालणार असेल आणि पिस्टन चांगला असेल, तर रिंगा टाकून काही काळ काढता येतो, 0.12 च्या पुढे किंवा लंबगोलपणा 0.05 च्या वर गेला की बोअर करून घ्यावे, कारण नव्या रिंगा वाकड्या भिंतीवर काही महिन्यांत जुन्या होतात. पिस्टन चांगला आहे का, हेही मोजावे: नवी रिंग खोबणीत ठेवून वर-खाली मोकळीक फीलरने पाहावी. ती नव्यात साधारण 0.03 ते 0.07 मिमी असते. वरच्या खोबणीत तिच्या दुपटीहून जास्त आढळली, तर पिस्टनही गेला असे समजावे, बोअर कितीही चांगले असो.

बोअर करायचे ठरले तर साइज निवडताना एक हिशेब हमखास चुकतो. झीज 0.18 मिमी आहे, म्हणजे 0.25 ची साइज पुरेल, असे वाटते. पण ती झीज बहुतांश मागच्या एकाच भिंतीवर असेल आणि कारागीर मूळ मध्यबिंदू धरून बोअर करत असेल (तसेच त्याने करावे), तर त्या भिंतीपर्यंत पोहोचायला व्यास 0.36 मिमीने वाढवावा लागतो, शिवाय होनिंगसाठी, म्हणजे भिंत शेवटी घासदगडाने घासण्यासाठी, थोडे धातू राखावे लागते. अशा बॅरलला 0.50 चीच साइज लागते. बुलेटचे मेकॅनिक तिला 20 म्हणतात, कारण ती 20 थाऊ मोठी असते. म्हणूनच मी रिंगेच्या सरासरी मापापेक्षा पुढे-मागेच्या मापाला जास्त किंमत देतो.

पिस्टन आणि रिंगांचा संच आधी विकत घ्यावा आणि तो बॅरलसोबत कारागिराच्या हाती द्यावा, म्हणजे तो पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर), पिनेला काटकोनात माप घेऊन, पिस्टनच्या डब्यावर दिलेली मोकळीक ठेवून बोअर करील. केवळ "वीस साइज करा" असे सांगून बॅरल टाकून येऊ नये. बोअर करायचे नसेल आणि फक्त रिंगा बदलायच्या असतील, तर भिंतीवरची काचेसारखी झिलई होनिंग करून मोडावी, म्हणजे नव्या रिंगा बसतात.

दोन्ही प्रकारांत होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने धुवावे. रॉकेलने घासकाची पूड सुटत नाही. पांढरे फडके आत फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धुणे थांबवू नये, आणि कोरडे करताच लगेच तेल लावावे, कारण कास्ट आयर्नला पावसाळ्यात तासाभरातही गंज धरतो.

बॅरल परत आले की नव्या रिंगा एकेक करून तळाशी, मध्यावर आणि वर ठेवून फट पुन्हा मोजावी. तीनही ठिकाणी ती सारखी आली तर काम नीट झाले आहे. फट 0.28 पेक्षा कमी असेल तर बारीक कानसीने एकच टोक, बाहेरून आतल्या दिशेने, हलके घासावे. रिंगेवरचा टॉप हा छाप वर ठेवावा आणि तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून 120 अंशांवर फिरवून, मागच्या भिंतीच्या समोर एकही न येईल अशा बसवाव्यात.