फोन फॉरमॅट मारू नका ताई, आधी हे वाचा

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीचा मुलगा १४ वर्षांचा, गेम खेळता खेळता कोणीतरी मुलगी बनून ओळख काढली, नको तसला फोटो मागून घेतला, आता ५ हजार दे नाहीतर नातेवाइकांना पाठवतो म्हणतोय. दाजींना कळलं तर पोराला फोडतील म्हणून गुपचूप फोन फॉरमॅट मारून सिम तोडून टाकू का?

नका तोडू. काहीच पुसू नका. माझं चोपड्याकडे मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, असे फोन टेबलावर येतात आणि प्रत्येकाचं एकच, सगळं उडवून द्या. फोन पुसला तर तुमच्याकडचा पुरावा जातो, त्याच्याकडचा फोटो थोडाच जातो?

दोन वर्षांमागे एक आप्पा आले, पोर्‍या मागे मान घालून उभा, गालावर बोटं उमटलेली. 'भाऊ, याच्यातलं सगळं उडव, काही विचारू नको.' मी पण विचारलं नाही, १०० रुपये घेतले न रिसेट मारून दिला. पंधरा दिवसांत तोच फोटो त्यांच्या भावकीत एकाला आला, नवीन नंबरवरून, आणि मग पोलिसात गेले तर दाखवायला ना आयडी ना चॅट ना काही. ते १०० रुपये मला अजून टोचतात.

तर आता पैसे अजिबात पाठवू नका. एकदा दिले की त्याला कळतं हे घर देणारं आहे, मग ५ चे १० होतात. त्याच्याशी वाद नको, 'पोलिसात जातो' अशी धमकीपण नको. चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे, आणि प्रोफाईलची लिंक कॉपी करून ठेवा कारण नाव तो मिनिटात बदलतो. मेसेज आपोआप गायब होणारे असतील तर दुसर्‍या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, नंबर, यूपीआय आयडी सगळं वहीत लिहा. हे झालं की मग ब्लॉक करा, पण अकाउंट डिलीट नाही.

पोराचा तो फोटो मात्र कोणालाच फॉरवर्ड करायचा नाही. घरच्या ग्रुपवर नाही, मामाला 'बघा काय केलं याने' म्हणून नाही. लहान मुलाचा तसला फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, पाठवणारा सख्खा मामा असला तरी. फोनमध्ये जसा आहे तसा राहू द्या, पोलीस बघतील.

पोराने आधीच लपून काही पैसे दिले असतील (बर्‍याचदा दिलेले असतात, आईच्या फोनवरून) तर लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, तिथे जितकं लवकर तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त. बाकी तक्रार सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर होते, महिला आणि बालकांसाठी वेगळा भाग आहे. मुलासाठी मदत लागली तर १०९८, चोवीस तास. फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सोय आहे, अमेरिकेतली संस्था चालवते, १८ वर्षांखालच्यांसाठी. त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच जातो, मग ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या आपल्याकडे तो फोटो ओळखून काढतात. सगळीकडून निघेल असं नाही, पण करून ठेवा.

पोलीस म्हटलं की आपल्याकडे पहिलं बदनामीच आठवते. पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, तो मुलींसारखाच मुलांनाही लागू आहे, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, त्यापण वर्दीत नाही. पोराचं नाव पेपरात छापायला बंदी आहे. आणि फोटो त्याने स्वतःच पाठवला ना, मग आपलीच चूक, असं ठाण्यात कोणी म्हटलं तर गप्प बसू नका, गुन्हेगार मागणारा आहे.

दाजींचं म्हणाल तर आधी बहिणीला सांगा, मग दोघी मिळून असा माणूस गाठा ज्याच्यापुढे दाजी आवाज चढवत नाहीत, त्यांचे मोठे भाऊ, वडील, जो कोणी असेल तो, आणि त्याच्यासमोरच दाजींना सांगा. पोराशी बोलताना शेजारी बसा, 'काय व्हयनं रे भो' इतकंच विचारा आणि गप्प राहा, तो हळूहळू बोलतो. 'का पाठवला' हा प्रश्न आज नको. आणि ताई, पुढचे काही दिवस त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका. धमक्या रात्रीच येतात, पोरं घाबरून भलतंच करून बसतात. जिवाचं काही बोलला तर सरळ ११२.

उद्या सकाळीच जवळच्या ठाण्यात जा, हद्दीचं कारण सांगितलं तरी तक्रार घ्यावी लागते. जाताना चार्जर घ्या, फोन बंद पडला की तिथे घोळ होतो. काही अडलं तर मला मेसेज करा, रात्रीपण चालेल. स्क्रीनशॉट मात्र मलापण पाठवू नका.