बग्ज बनीतला 'बग्ज' कोण?

प्रश्न असा आलाय: इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, मग कार्टूनमधल्या बग्ज बनी या चांगल्या गुटगुटीत सशाला 'किडे' असं नाव कुणी ठेवलं? आणि मराठीत बग्ज लिहायचं की बग्स?

किड्यांचा इथे काही संबंध नाही. बग्ज हा माणूस होता. वॉर्नर ब्रदर्सना कार्टून करून देणाऱ्या लिऑन श्लेसिंगरच्या स्टुडिओत बेन हार्डअवे नावाचा दिग्दर्शक होता, त्याचं टोपणनाव बग्ज. 1938 साली 'पोर्कीज हेअर हंट'मध्ये त्याने एक पांढरा, उपद्व्यापी ससा आणला. त्या सशाला नाव नव्हतं. पुढच्या एका कार्टूनसाठी चार्ली थॉर्सन या चित्रकाराने ससा नव्याने रेखाटला. चित्रकारांना समोर ठेवायला असा नमुन्याचा कागद लागतो. त्या कागदावर त्याने लिहिलं 'बग्ज' बनी', आणि बग्जच्या डोक्यावर एक अपॉस्ट्रॉफी. म्हणजे चक्क षष्ठी! 'बग्जचा ससा', एवढाच त्याचा अर्थ. पुढे तो 'चा' गळाला आणि मालकाचं नाव सशालाच चिकटलं. गल्लीतल्या पाटलांच्या मोत्याचा बघता बघता 'मोत्या पाटील' होतो ना, तसं.

नाव टिकलं त्याला मात्र आणखी एक कारण असावं. तेव्हाच्या अमेरिकन बोलीत 'बग्ज' म्हणजे डोकं फिरलेला. शिकागोच्या एका कुप्रसिद्ध गुंडालाही 'बग्ज' मोरन म्हणत. उलट 'बनी' हा लहान मुलांच्या तोंडचा शब्द. ससा नव्हे, आपला ससुल्या. पुढे गुंडाला शोभणारं नाव आणि मागे ससुल्या! मला तर त्या सशाचा अख्खा स्वभाव या दोन शब्दांतच दिसतो.

लिहायचं बग्ज. शेवटचा ज 'जरा'मधला, 'जेवण'मधला नव्हे.

शब्दाच्या तोंडावर जाऊन फसणं आपल्याकडेही आहे. 'ससेमिरा' ऐकून ससा आठवतो, पण त्यात ससा नाहीच. मित्रद्रोह करून वेडा झालेला राजपुत्र 'स-से-मि-रा' एवढंच बडबडत राहतो, आणि ही चार श्लोकांची आद्याक्षरं निघतात, अशी जुनी कथा आहे. म्हणजे वेड तिथेही आहेच.

'ससेहोलपट'मध्ये मात्र खराखुरा ससा आहे, शिकाऱ्यापुढे जीव घेऊन पळणारा. 1940 च्या जुलैत दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या 'अ वाइल्ड हेअर' या कार्टूनमध्ये आपल्या ओळखीचा बग्ज पहिल्यांदा नीट उभा राहिला. समोर बंदूक घेऊन एल्मर फड, आणि हा गाजर कुरतडत त्यालाच विचारतो, 'काय डॉक्टर, काय चाललंय?' तिथे ससेहोलपट झाली ती शिकाऱ्याची.