पाठ झालं की वाचता आलं?

मोडी शिकतेय. सर एकच पत्र दहा-दहा वेळा वाचायला लावतात. पाठ झाल्यावर वेग वाढणारच, त्यात वाचन कुठं आलं?

पाठ होतं हे खरं, पण तेवढंच होत नाही. पॉल कोलर्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना उलट छापलेली पानं वाचायला दिली. सुरुवातीला सगळे अडखळले, सरावाने सुटले. वर्षभराहून जास्त काळाने त्यांना पुन्हा बसवलं, तेव्हा आधी वाचलेली पानं त्यांनी तशाच उलट्या नव्या पानांपेक्षा लवकर वाचली. (कोलर्स यांचा हा शोधनिबंध 1976 चा.) म्हणजे वळणाचा सराव झाला होताच, शिवाय त्या-त्या पानाचा ठसाही उरला होता.

मोडीत तर शब्द तोडून लिहीत नाहीत. एका रेघेखाली अक्षरांची माळ. पहिल्यांदा ‘राजमान्य राजश्री’ तुम्ही अक्षर-अक्षर लावून वाचलं असेल. आता तो एकच आकार दिसतो ना? तो तुम्ही घोकला नव्हता. मात्र दहा वेळा मला जास्त वाटतं. तीन-चार वाचनांनंतर त्याच हातचं दुसरं पत्र मागा. खरा वेग तिथं कळेल.

आईला सकाळचं जेवण आठवत नाही, पोथी मात्र घडाघडा वाचते. मग विसरण्याचं नाटक करते का?

नाही हो. प्रसंग आठवणं वेगळं आणि अंगवळणी पडलेलं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला अव्यक्त स्मृती म्हणतात. 1980 साली कोहेन आणि स्क्वायर यांनी स्मृतिलोप झालेल्यांना आरशातल्यासारखे उलटे शब्द वाचायला शिकवले. त्यांचा वेग निरोगी माणसांच्या बरोबरीने वाढला आणि तीन महिन्यांनीही टिकून होता. काहींना तर आपण हे पूर्वी केल्याचंच आठवत नव्हतं! ते रुग्ण स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शियाचे) नव्हते, त्यामुळे आईंना तोच नियम जसाच्या तसा लावू नका. पोथी त्या वर्षानुवर्षं वाचत आल्या आहेत, ती वाट फार जुनी. वाचू द्या. ‘काल कुठला अध्याय झाला?’ असं मात्र विचारू नका, उगाच कानकोंडं होतं त्यांना. आणि डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवा.

नोट्स पाच वेळा वाचल्या, पेपरात कोरा. असं का?

पाचव्या वेळी डोळे सरसर पळतात, ते ओळखीमुळे. त्यालाच आपण ‘आलं’ समजतो. पेपरात नोट्स समोर नसतात. दुसऱ्या वाचनानंतर वही मिटा आणि आठवेल ते कागदावर उतरवा. पहिल्या दिवशी चारच ओळी येतील, येऊ देत.