ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

ताई, वजन कमी करायच्या ऑपरेशनचं विचारलंत ना? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा) ३८ आणि वर शुगर, म्हणजे तुम्ही त्याच्या निकषात बसता. आपल्याकडे शुगर-बीपी असेल तर साधारण ३२.५ पासून विचार होतो. पण स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) की बायपास (हृदयाचं नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं), आणि का, हे सर्जनना खोदून विचारा. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा जातो. ॲसिडिटी जुनी असेल तर आधीच सांगा, नंतर ती वाढू शकते.

खरी कसोटी ऑपरेशननंतर घरी. पहिले साधारण दोन आठवडे पातळच: ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, तेही घोट घोट. सासूबाई "एवढ्यानं काय होतंय, भाकरी कुस्करून तरी खा" म्हणणारच. डिस्चार्जच्या वेळी त्यांनाच आहारतज्ज्ञांसमोर बसवा, आपलं कोण ऐकतंय! पुढेही जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं प्या. ताटात आधी पनीर किंवा अंडं, मग जागा उरली तर भात. भडंग काही महिने विसरा. कंदी पेढ्यापासून तर लांबच. बायपासनंतर गोडानं दरदरून घाम फुटतो, धडधडतं.

तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. बी-१२, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभर. आणि सुरुवातीच्या दिवसांत ताप, धडधड किंवा पोटात जोराची कळ आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढून मिरजेचं हॉस्पिटल गाठा.