गाडी उभी राहिली की एसी गरम का होतो?

प्रश्न: गाडी पळत असली की एसी मस्त गार, पण सिग्नलला उभी राहिली की थोड्याच वेळात कोमट हवा यायला लागते. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय, भरून घ्या. मागच्या उन्हाळ्यातच भरला होता हो, दर वर्षी गॅस भरावाच लागतो का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच गॅस बंद पाइपांतून फिरत राहतो. सील आणि होजमधून थोडासा निसटतो पण त्याला वर्षं लागतात, वर्षभरात परत भरायची वेळ आली तर कुठेतरी लीक आहे आणि ते न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

पण तुमची तक्रार वाचून मला आधी गॅसचा नाही, फॅनचा संशय येतोय. आतली उष्णता बाहेर टाकायचं काम कंडेन्सर करतो, तो रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. गाडी पळताना त्याला समोरून वारा मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. फॅन बंद किंवा मंद असेल तर प्रेशर चढतं, हवा कोमट होते आणि काही गाड्यांत कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंपच, कट होतो. इंजिन चालू, एसी फुल, बॉनेट उघडून दोन-चार मिनिटं नुसतं बघत उभं राहा, हात मात्र घालू नका कारण फॅन कधीही अचानक फिरायला लागतो. फिरतच नसेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि मग मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरलाही हाच फॅन असतो, म्हणून टेम्परेचरच्या काट्यावर पण लक्ष ठेवा.

फॅन नीट फिरतोय? मग कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत चिखल, किडे अडकलेत का बघा आणि हलक्या धारेने धुवा. प्रेशर जेट जवळून मारला तर पत्रे वाकतात आणि हवा अजूनच अडते. एक सोपी खूण सांगतो, गाडी उभी असताना कंडेन्सरवर पाणी मारलं आणि आत लगेच गार वाटायला लागलं तर दोष बहुतेक हवेच्या प्रवाहातच आहे. तरी फरक नाही पडला तर कॉम्प्रेसर कमजोर झालेला असू शकतो, आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, तो पुरेसं प्रेशर करत नाही.

एक लक्षात घ्या, गॅस आधीच पुरेसा असताना अजून भरला तर प्रेशर वाढतं आणि उभ्या गाडीत त्रास आणखी वाढतो. म्हणून आधी गेज लावून जास्त आणि कमी दाबाच्या, दोन्ही बाजूंचं प्रेशर बघायला लावा. लीक असेल तिथे बहुतेक तेलकट डाग दिसतो कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. ते दुरुस्त करून, व्हॅक्यूम मारून, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढून, मगच वजनाने गॅस भरायचा. किती ग्रॅम आणि कुठला, आर-१३४ए की आर-१२३४वायएफ, ते बहुतेक बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अंदाजाने भरणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

प्रश्न: एसी लावला की सुरुवातीला कुबट वास येतो आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं. हे पण गॅसचंच का?

उत्तर: गॅसचा काही संबंध नाही. आतल्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि ते एका नळीतून गाडीखाली पडायला हवं, तुमची नळी चोक झालीये बहुतेक. साफ करून घ्या, केबिन फिल्टर पण काढून बघा, काळा झाला असेल तर बदला. पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल वाळते, वास कमी होतो. फक्त ते ओलं चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे, मग गाडी लगेच दाखवा.