चार बटणे, एक बीप: महापालिकेच्या मतदानाबद्दल वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर महापालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी, सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच या वेळेत आहे. आधीची निवडणूक २०१५ ची. तेव्हा एका प्रभागात एकच नगरसेवक होता, यंदा ती रीत बदलली आहे. त्यामुळे प्रश्नांचा ढीग पडला आहे. त्यातले काही इथे घेतले आहेत.

मुलगा पुण्यात नोकरी करतो, नाव अजून कोल्हापूरच्या यादीत आहे. त्याला पोस्टाने मत पाठवता येईल का?
*एक वाचक, राजारामपुरी*

नाही. टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठी असते. बाहेरगावी नोकरी किंवा शिक्षण आहे म्हणून ती मिळत नाही. मत द्यायचे तर त्याला कोल्हापूरला यावे लागेल. रजेची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. मतदानाच्या दिवशीची भरपगारी सुट्टी मतदार असलेल्या कामगार-कर्मचाऱ्यांना लागू असते, मग ते कामासाठी त्या शहराबाहेर असले तरी. पूर्ण दिवस सोडणे शक्य नसेल तिथे दोन-तीन तासांची सवलत द्यायची असते, पण पुण्याहून येणाऱ्याला ती काय कामाची! त्याने मालकाशी आठवडाभर आधीच बोलून ठेवावे.

नाव पुण्यात हलवणे हा कायमचा उपाय आहे. त्यासाठी नमुना ८ भरायचा. मात्र या निवडणुकीसाठी त्याचा उपयोग नाही, कारण १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी गोठवूनच प्रभागांच्या याद्या केल्या आहेत.

आईचे वय ८७. लोकसभेला अधिकारी घरी येऊन मत घेऊन गेले. या वेळी अर्ज कुठे करायचा?
*एक वाचक, शिवाजी पेठ*

असा अर्ज या निवडणुकीत नाही. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांचे घरून मतदान ही भारत निवडणूक आयोगाची सोय आहे, लोकसभा-विधानसभेपुरती. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याच्याकडे ही सोय नाही. आमच्या मते ती असायला हवी. पेठेतल्या अरुंद जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाला खाली आणणे हेच मुळात दिव्य असते.

आईंना केंद्रावर नेणार असाल तर दुपारी, गर्दी ओसरल्यावर न्या. वृद्धांना रांगेत उभे करत नाहीत, तरी दारावरच्या पोलिसाला सांगावे लागते. डोळ्यांनी दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर अठरा वर्षांवरील एक सोबती आत नेता येतो. केंद्राध्यक्ष त्याच्याकडून लेखी घोषणा घेतात. एका सोबत्याला एकाच मतदारासाठी जाता येते, म्हणून आई-वडील दोघांनाही मदत लागणार असेल तर घरातली दोन माणसे हवीत.

चार मते म्हणजे नेमके काय? एकाच उमेदवाराला चारही दिली तर चालतात का?
*एक वाचक, कसबा बावडा*

चालत नाहीत, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होणार आहे. महापालिकेत ८१ जागा आणि २० प्रभाग आहेत. १९ प्रभागांत चार-चार जागा, एका प्रभागात पाच. प्रत्येक जागेला अक्षर आहे: अ, ब, क, ड (पाच जागांच्या प्रभागात पुढे आणखी एक). प्रत्येक जागेसाठी एक मत. चार वेगळ्या पक्षांचे चार उमेदवार निवडलेत तरी हरकत नाही.

यंत्रावर जागा ओळखायची खूण म्हणजे मतपत्रिकेचा रंग. अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार थोडे असतील तर एकाच यंत्रावर दोन जागांच्या याद्या एकाखाली एक येतात. तेव्हा यंत्रे मोजू नका, रंग बघा. बटण दाबले की उमेदवारासमोर लाल दिवा लागतो. तो लागला म्हणजे त्या जागेचे मत नोंदले गेले, नंतर बदलता येत नाही. मग पुढच्या जागेकडे वळायचे.

लांब बीप शेवटच्या, म्हणजे बहुतेक प्रभागांत चौथ्या, मतानंतरच वाजते. विधानसभेची सवय अशी की एक बटण दाबले, बीप ऐकली आणि बाहेर. इथे पहिल्या बटणानंतर शांतता असते. काहींना वाटते यंत्र बिघडले, मग ते तेच बटण पुनःपुन्हा दाबत बसतात. काही तर ‘आपल्या माणसाला’ मत देऊन सरळ दाराकडे निघतात. बीप वाजल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, त्यामुळे कर्मचारी परत बोलावतात आणि मागची रांग चिडते. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचे ‘नोटा’ दाबा. नोटा प्रत्येक जागेला वेगळा आहे.

कागदाची चिठ्ठी दिसणारे व्हीव्हीपॅट यंत्र मात्र इथे नसते. ते शोधू नका.

आम्ही पाचगावात राहतो, पत्ता कोल्हापूरचाच. आमचा प्रभाग कुठला?
*एक वाचक, पाचगाव*

कुठलाच नाही. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ झालेली नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव ही गावे शहराला चिकटलेली असली तरी करवीर तालुक्यातल्या ग्रामपंचायती आहेत. तुम्ही जिल्हा परिषदेचे मतदार. तिथे दोन मते: एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी.

यादीत माझ्या नावापुढे दोन तारे आहेत. नाव कापले गेले का?
*एक वाचक, मंगळवार पेठ*

नाही. हे नाव दुबार असल्याची शंका आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुठे मत देणार हे तुम्ही आधी कळवले नसेल तर केंद्रावर हमीपत्र द्यावे लागेल: दुसरीकडे मत दिलेले नाही आणि देणार नाही. ओळखपत्राची तपासणी कडक होईल, थोडा वेळ जाईल.

यानिमित्ताने सर्वांनाच सांगतो, नाव ‘मताधिकार’ ॲपवर आत्ताच पाहून ठेवा. विधानसभेच्या याद्या फोडून प्रभागांच्या याद्या केल्या आहेत. त्यामुळे अनुक्रमांक बदलतो आणि पुष्कळदा शाळाही बदलते. गेल्या वेळच्या केंद्रावर जाऊन तासभर रांगेत उभे राहायचे आणि मग ‘तुमचं नाव इथं नाही’ ऐकायचे, हे टाळा.

मतदार ओळखपत्र हरवले आहे. रेशन कार्ड चालेल का?
*एक वाचक, उत्तरेश्वर पेठ*

रेशन कार्ड चालत नाही. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचे किंवा पोस्टाचे फोटो असलेले पासबुक यांपैकी एक न्या. तालमीच्या पोरांनी दिलेली चिठ्ठी अनुक्रमांकापुरती, ती ओळखीचा पुरावा नव्हे. तिच्यावर उमेदवाराचे नाव किंवा चिन्ह असेल तर आकडा लक्षात ठेवून ती बाहेरच टाका. मोबाईल मतदान कक्षात नेऊ नका.

मी पोचण्याआधीच माझ्या नावावर कुणी मत देऊन गेले असेल तर?
*एक वाचक, कसबा बावडा*

परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा, हाच शब्द वापरा. ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते. खूण करून दिली की ती पाकिटात वेगळी ठेवतात आणि तुमची नोंद प्रदत्त मतांच्या यादीत होते. यंत्रातल्या मतांत ती मिसळत नाही, पण निकालावर कोर्टात वाद गेला तर हीच नोंद पुरावा ठरते. साडेपाचला तुम्ही आवारातल्या रांगेत असाल तर चिठ्ठी देऊन तुम्हाला थांबवून घेतात, तेव्हा उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका.